संस्कार, उपचार आणि शेजार



३० सप्टेंबर १९९३ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन गावे झोपी गेली आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरातील जमीन हादरली. दगडमातीची जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. कितीतरी मुले एका रात्रीत पोरकी झाली.

त्या वेळी समाज धावला. स्वयंसेवकांनी ढिगारे उपसले, अनोळखी मृतांना अग्नी दिला. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. ज्ञान प्रबोधिनीने लोहारा तालुक्यातील हराळी येथे आपले काम रुजवले आणि तेथे निवासी शाळा उभी राहिली. ज्या मुलांचे घर, आई-वडील आणि गाव हरपले होते, त्यांना पुन्हा वेळेवर वाजणारी शाळेची घंटा मिळाली, पंगतीत बसून जेवण मिळाले, संध्याकाळी खेळायला मैदान मिळाले आणि रात्री दचकून उठल्यावर जवळ घेणारे एक ओळखीचे माणूस मिळाले. खचलेल्या बालमनाला सावरण्यासाठी प्रथम काय लागते, याचे उत्तर या चार साध्या गोष्टींत आहे : सुरक्षितता, दिनक्रम, सोबती आणि विश्वासाचे एक वडीलधारे माणूस.

आज प्रश्न असा आहे, की जमीन हादरली तर धावून जाणारा हा समाज शेजारच्या घरात एखाद्या मुलाचे मन हादरले तर कोठे असतो? तो हादरा भूकंपमापन यंत्रावर उमटत नाही. घराच्या भिंती शाबूत असतात, दारावर तोरण असते आणि आत पंधरा वर्षांचा मुलगा तीन आठवडे धड झोपलेला नसतो. त्याच्या आई-वडिलांना ते ठाऊक असते, पण ते कोणालाही सांगत नाहीत. समाजाने काय करावे, याचा विचार या न सांगण्यापासून सुरू करावा लागतो.

आकड्यांमागची मुले

बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. म्हणजे साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात सरासरी चार मुले. वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत, असेही त्याच सर्वेक्षणाने नोंदवले. मानसिक आजारांपैकी निम्म्यांचा आरंभ वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेला असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचा अर्थ, ज्या वयात मुले गणवेश घालून शाळेत जातात, त्याच वयात आजाराची पहिली चाहूल लागते आणि त्याच वयात ती ओळखता येते.

दुसरा आकडा अधिक कठोर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले आणि राज्यनिहाय यादीत महाराष्ट्र पहिल्या स्थानी होता. संतांची, समाजसुधारकांची आणि शिक्षणसंस्थांची भूमी म्हणून ज्या राज्याचा गौरव होतो, त्या राज्याला हा क्रमांक भूषणावह नाही. या आकड्यावर एक दिवस हळहळ व्यक्त होते आणि मग दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी तोच समाज टक्केवारी विचारण्यासाठी दूरध्वनी फिरवू लागतो.

‘संस्कार कमी पडले’ हे निदान नव्हे

राष्ट्रीय विचारांच्या परिवारात संस्कार या शब्दाला मोठे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. परंतु जो शब्द आधार देण्यासाठी आहे, त्याचाच कधी कधी दंडुका होतो. मूल उदास झाले, चिडू लागले, शाळेत जाण्यास नकार देऊ लागले, की नातलगांमध्ये पहिले वाक्य उच्चारले जाते : ‘घरात संस्कार कमी पडले.’ दुसरे वाक्य ठरलेले असते : ‘आमच्या वेळी नव्हते हो असले काही.’ या दोन वाक्यांनी मुलाचे दुखणे दूर होत नाही. आईला मात्र अपराधी वाटू लागते आणि घर दार लावून घेते.

येथे स्पष्ट बोलले पाहिजे. नैराश्य, चिंताविकार, स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता ही संस्कारहीनतेची लक्षणे नव्हेत. ज्या घरात रोज सायंकाळी दिवा लागतो, परवचा म्हटला जातो, त्या घरातील मुलालाही ती होऊ शकतात, जशी त्याला काविळ होऊ शकते. काविळीच्या मुलाच्या आईला कोणी संस्कारांबद्दल विचारत नाही. अक्षरे उलटसुलट दिसणाऱ्या मुलाला मात्र वर्षानुवर्षे आळशी म्हणून मार दिला जातो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना स्वतंत्र मान्यता दिली आहे. राज्य मंडळाच्या परीक्षांत अशा मुलांना सवलती मिळतात. तरीही अनेक पालक प्रमाणपत्र काढत नाहीत, कारण ‘शिक्का बसेल’ ही भीती नापास होण्याच्या भीतीपेक्षा मोठी असते.

हा संकोच परंपरेतून आला आहे, असे समजण्याचे कारण नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. रणांगणावर उभ्या असलेल्या श्रेष्ठ धनुर्धराचे तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, गांडीव हातातून गळते, त्याला उभेही राहवत नाही. महर्षी व्यासांनी हे लपवलेले नाही, त्याची लाजही बाळगलेली नाही. त्यापुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत अर्जुनाला प्रथम दटावतात, हा दुबळेपणा तुला शोभत नाही, असे सांगतात. त्या दटावण्याने अर्जुन उठत नाही. तो आपली व्यथा आणखी उघड करतो, आणि मग सुरू होतो तो प्रदीर्घ संवाद. अर्जुन विचारत राहतो, शंका काढतो, एकच गोष्ट पुन्हा विचारतो. श्रीकृष्ण प्रत्येक वेळी उत्तर देतात आणि अखेरीस, नीट विचार करून तुला योग्य वाटेल ते कर, असे म्हणून निर्णय त्याच्यावर सोपवतात. घरोघरीचे पालक मात्र दटावण्यापाशीच थांबतात. पुढच्या सतरा अध्यायांइतका धीर त्यांना राहत नाही.

समर्थ रामदासस्वामींनी मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक मारली आणि त्याच्याशी दोनशेहून अधिक श्लोकांत बोलले. मनाशी सज्जनपणे, पुन्हा पुन्हा बोलावे लागते, ही जाण या मातीत होती. ती पुन्हा जागवणे हाही संस्कारच आहे.

एकत्र कुटुंब : आठवण आणि वास्तव

एकत्र कुटुंबे विभक्त झाल्यामुळे हे प्रश्न निर्माण झाले, असे वारंवार म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. आजीच्या मांडीवर ऐकलेल्या गोष्टी, चुलत भावंडांबरोबरची भांडणे आणि पुन्हा जुळणारी मैत्री, वडील रागावले तर काकांच्या खोलीत मिळणारा आसरा हे मुलाच्या मनाचे मोठे कवच होते. एका माणसाचा धीर सुटला, तर दुसरे माणूस घरात असे. आज दोन खोल्यांच्या सदनिकेत आई-वडील दोघे नोकरीवरून थकून येतात आणि मूल हातातील पडद्याशी बोलत बसते. त्यात दोष कोणाचा, या चर्चेने कोणाचेच पोट भरत नाही. गेलेले वाडे परत येणार नाहीत.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. त्याच वाड्यांत एखाद्या खोलीत ‘डोक्यावर परिणाम झालेला’ काका वर्षानुवर्षे असे आणि पाहुणे आले की त्याच्या खोलीचे दार लोटले जाई. सुनेला बाळंतपणानंतर सतत रडू येई. त्याला ‘नाटके’ म्हटले जाई. मुलीने घरातल्याच कोणाच्या वाईट स्पर्शाबद्दल सांगितले, तर तिच्याच तोंडावर हात ठेवला जाई. एकत्र कुटुंबाने अनेकांना सांभाळले आणि काहींना गप्प केले. म्हणून आज उभे करायचे आहे ते त्या कुटुंबातील सांभाळणे. ते गप्प करणे नव्हे. आणि रक्ताचे कुटुंब लहान झाले असेल, तर हे सांभाळणे शेजाराने, गावाने, समाजाने वाटून घेतले पाहिजे.

दाराशी असलेली साधने

यासाठी सारे नव्याने उभारावे लागणार नाही. बरेच काही आधीच आहे. माहिती नसते, किंवा तेथपर्यंत हात धरून नेणारे कोणी नसते.

गावात अंगणवाडी सेविका आहे, आशा कार्यकर्ती आहे. अंगणवाडीची कल्पनाच महाराष्ट्राच्या मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे वनवासी पाड्यांतील मुलांच्या अंगणातच शाळा नेली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. विकासात मागे पडणाऱ्या बालकाला तेथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती, असे गृहीत धरून तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांत १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमण्यास सांगितले. आपल्या पाल्याच्या शाळेत तो नेमला आहे का, हा प्रश्न पालकसभेत विचारला गेला पाहिजे. शिकवणीच्या शुल्काबद्दल तावातावाने बोलणाऱ्या पालकसभा याविषयी मौन पाळतात.

समाजाने उभ्या केलेल्या संस्थाही आहेत. मानसशास्त्राचे अभ्यासक डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. तिच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत मानसशास्त्रीय चाचण्या आणि समुपदेशन यांचे काम चालते. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या आय.पी.एच. या संस्थेने मनाचे आरोग्य हा विषय दवाखान्यातून सभागृहात आणला. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले, मूळचे धुळ्याकडील डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातील आजार लपवून न ठेवता त्यातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. आपल्या घरातील दुःख उघडपणे समाजाच्या कामी आणणे हे धैर्य फार थोड्यांकडे असते.

मैदान, मंडळ आणि वाण

आता प्रश्न उरतो तो तुमच्या-आमच्या वस्तीचा. संघाच्या शाखेची एक जुनी रीत आहे. एखादा बालस्वयंसेवक दोन-तीन दिवस दिसला नाही, की गटनायक त्याच्या घरी जाऊन विचारतो, ‘का रे आला नाहीस?’ या चार शब्दांचे मोल मोठे आहे. त्यात चौकशी आहे, पण चौकसपणा नाही. तुझी जागा रिकामी राहिली आणि ती कोणाच्या तरी लक्षात आली, एवढेच त्यात सांगितलेले असते. एकाकी पडलेल्या मुलाला नेमके हेच ऐकायचे असते. मात्र हा प्रश्न केवळ उपस्थिती वाढवण्यासाठी विचारला गेला, तर मुले तेही ओळखतात. म्हणून पुढचे वाक्य ‘उद्या नक्की ये’ असे असण्याआधी ‘बरा आहेस ना?’ असे असावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मंडळांकडे माणसे आहेत, निधी आहे, आणि वस्तीतील प्रत्येक घर त्यांना ठाऊक आहे. दहा दिवसांपैकी एक सायंकाळ पालकांसाठी मनोविकारतज्ज्ञांबरोबरच्या संवादाची ठेवता येईल. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीवर होणाऱ्या खर्चाचा अल्पसा भाग वर्षभर आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशकाच्या मानधनासाठी पुरेल. ज्येष्ठ नागरिक संघात निवृत्त शिक्षक आहेत. सायंकाळी रिकाम्या घरी परतणाऱ्या मुलांसाठी मंदिराच्या सभामंडपात वा वाचनालयात दोन तास बसणारे आजी-आजोबा लाभले, तर दोन्ही पिढ्यांचे एकटेपण कमी होईल. तेथे अभ्यास घेतला नाही तरी चालेल. गोष्ट सांगावी, पत्ते कुटावेत, ऐकावे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण देण्याची प्रथा आहे. प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी या वर्षी तिळगुळाबरोबर एक छोटे कार्ड द्यावे, त्यावर १४४१६ आणि १०९८ हे क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा वार व वेळ लिहावी. ते कार्ड शीतकपाटाच्या दारावर लागेल आणि कोणाला ‘हवे आहे का?’ असे विचारावे लागणार नाही. या समारंभाला विधवा भगिनींनाही सन्मानाने बोलवावे. एकटीने मूल वाढवणाऱ्या आईला शेजाराची गरज सर्वाधिक असते आणि तिलाच दाराबाहेर ठेवणारा सण मुलांना काय शिकवणार?

मर्यादांचे भान

सेवाभाव मोठा असला, तरी त्याला मर्यादा ओळखाव्या लागतात. कार्यकर्ता हा डॉक्टर नव्हे. त्याचे काम लक्षात घेणे, ऐकून घेणे आणि योग्य जागी घेऊन जाणे एवढेच आहे. झोप आणि भूक बदलली, आवडीचे खेळ सुटले, मित्र तुटले, गुण अचानक घसरले आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तज्ज्ञांकडे जावे. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर दोन आठवडे थांबायचे नाही. त्याच दिवशी, त्याला एकटे न सोडता जायचे. असे विचार येतात का, हे थेट आणि प्रेमाने विचारल्याने ते मनात भरत नाहीत. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. डॉक्टरांनी दिलेले औषध ‘सवय लागेल’ म्हणून परस्पर बंद करू नये. योग, ध्यान, नामस्मरण अवश्य करावे. ते उपचाराच्या जागी नव्हे, उपचाराच्या जोडीला.

बाधा झाली म्हणून मुलाला बांधून घालणे, मारहाण करणे, धुरी देणे हा धर्म नव्हे. महाराष्ट्राच्या २०१३च्या कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारहाण गुन्हा ठरवली आहे. श्रद्धेचा मान राखणाऱ्यांनीच हे प्रथम सांगितले पाहिजे.

दुसरी मर्यादा गोपनीयतेची. विश्वासाने सांगितलेली गोष्ट कट्ट्यावर पोहोचली, तर ते मूल पुन्हा कोणाशीही बोलणार नाही. याला एक अपवाद आहे. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले, तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अशा बहुतेक प्रकरणांत अपराधी ओळखीचाच असतो. तो नातलग असेल, शिक्षक असेल, आपल्याच संस्थेतील कोणी असेल. तेव्हा घराण्याची किंवा संस्थेची अब्रू आणि मूल यांपैकी एकाची निवड करावी लागते. ज्या संस्थेने मुलाची निवड केली, तिचीच अब्रू राहते.

आठवड्यातील एक सायंकाळ

संघाने २०२५ मध्ये शताब्दी पूर्ण करताना समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनांत कुटुंब प्रबोधनाचा समावेश आहे. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र यावे, प्रार्थना करावी, एकत्र जेवावे, गप्पा माराव्यात, असा त्याचा साधा आग्रह आहे. या सायंकाळचे व्याख्यान होऊ नये, एवढी दक्षता घ्यावी. वडिलांनी बोलायचे आणि मुलांनी माना डोलवायच्या, ही बैठक चार आठवड्यांत बंद पडते. त्या दिवशी आधी सर्वांत लहान व्यक्तीने बोलावे. वडिलांनी या आठवड्यात आपले काय चुकले, आपल्याला कशाची भीती वाटली, हे सांगावे. ज्या घरात मोठी माणसे आपली भीती सांगू शकतात, त्या घरात मुलांना आपली भीती लपवावी लागत नाही.

सज्जनहो, किल्लारीच्या त्या पहाटे ढिगाऱ्याखालून येणाऱ्या क्षीण हाका ऐकण्यासाठी माणसे दगडांना कान लावून शांत उभी राहिली होती. गोंगाट थांबल्याशिवाय हाक ऐकू येत नाही. आजही वस्तीत, आपल्याच जिन्यावर, कदाचित आपल्याच घरातील बंद दाराआड अशी एखादी हाक असेल. उपदेश थोडा वेळ बाजूला ठेवून कान लावावा, हाक आली तर धावावे आणि त्या मुलाचा हात धरून त्याला योग्य ठिकाणी न्यावे. संस्कारांनी घर उभे राहते, उपचारांनी आजार आवरतो. पण या दोहोंमधले अंतर चालून जाताना सोबत लागते, आणि ती सोबत देणे हे शेजाराचे काम आहे.